चाकं फिरती हवीत

स्पर्धेचे नियम मला पाठ होते. आईचा नियम आदल्या संध्याकाळी कळला.

मी मोरीपाशी थर्मास विसळत होते. आईने स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं आणि भांडी लावत असल्यासारखी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "उद्या तू तुझो रेडिओ कर," ती म्हणाली. "पण एक डोळो त्यांच्यार ठेव. गाडी कशी चलवतत तां बघ. आनी माका खरां काय तां सांग. त्यांका बरां वाटूचा म्हणान काय सांगा नको."

'ते' म्हणजे बाबा. गेल्या पावसाळ्यात त्यांना झटका आला होता. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. डावा हात आणि डावा पाय काही आठवडे ऐकेनासे झाले, मग हळूहळू ऐकू लागले. आता ते चालत होते, शर्टाची बटणं स्वतः लावत होते. डॉक्टरांनी समोर बोटं धरून मोजायला लावली, हात दाबून बघितले आणि सांगितलं की जवळपास गाडी चालवून बघायला हरकत नाही. मात्र शेजारी कुणीतरी बसा, नीट लक्ष द्या आणि मग घरच्यांनीच ठरवा. पुण्यातल्या दादाचं ठरून गेलं होतं. त्याने आमच्या जुन्या गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. आईचं काही ठरत नव्हतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

बाबांसमोर हे कुणी बोलत नसे. ते मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून डिचोलीत आले आणि कारापूरला घर करून राहिले. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक गेला, मग टेम्पो आला, पुढे तोही गेला. पण काय करता असं कुणी विचारलं की ते अजून 'ड्रायव्हर' असंच सांगत. दुखण्यानंतर गाडीची किल्ली आईच्या कपाटात गेली होती, आणि बाबा रोज सकाळी गाडी पुसत होते. कुठेही न गेलेली गाडी.

गाडीतून स्पर्धेत उतरायची कल्पना त्यांचीच. हौशी रेडिओचा परवाना मी कॉलेजात असताना परीक्षा देऊन मिळवला होता. आपल्या घरून, आपल्या सेटवरून, लांबच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, एवढाच हा छंद. मला त्यात आवडतं ते हे की बोलण्याचा साचा ठरलेला असतो. आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं नाव, सांगायचा, समोरच्याचा घ्यायचा, त्याचा आवाज कसा येतो ते दोन आकड्यांत सांगायचं, आभार मानायचे आणि पुढे जायचं. हल्ली काय करतेस, पुढे काय ठरवलंय, असं कुणी विचारत नाही. मला लग्नघरात कुठे उभं राहायचं तेही कळत नाही. रेडिओवर मात्र माझी जागा मला माहीत असते. पण आमचं घर पडलं डोंगराच्या कुशीत. आवाज फार लांब जात नाही. मी एकदा तशी कुरकुर केली तर बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मगे गाडयेतसून कर. मी चलवतंय, तू बोल." इतक्या सहज म्हणाले की ते वाक्य किती दिवस तयार करून ठेवलं असेल हे माझ्या लक्षात आलं नाही.

स्पर्धा रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत होती. तेवढ्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी, म्हणजे इतर हौशी रेडिओवाल्यांशी, बोलायचं. फिरत्या गाडीच्या गटासाठी नियम असा की संपर्क चालू असताना चाकं फिरती हवीत. थांबलेल्या गाडीतून केलेला संपर्क बाद. मात्र गाडी नव्या तालुक्यात शिरली की आधी बोलून झालेली स्टेशनं पुन्हा नव्याने मोजली जातात. म्हणून आम्ही रस्ता आखला तो कारापूरहून डिचोली, तिथून दोडामार्ग, मग पेडणे तालुक्यात शिरून इब्रामपूर, चांदेल, हळर्ण, आणि शेवटी पार्से. पार्से हे आईचं माहेर. ती सकाळच्या बसने पुढे जाणार होती आणि आम्ही जेवायला पोचायचं होतं.

चाकं थांबवायची नाहीत हा नियम बाबांना फार पटला. खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत एक थांबला की मागचे सगळे थांबतात आणि सगळे त्या एकाला शिव्या घालतात. "पयल्या गेरार मुंगयेसारख्या जावचा," ते म्हणाले, "पण थांबाचा नाय."

निघालो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. टपावर लोहचुंबकाने चिकटवलेली लांब अँटेना, सेट माझ्या पायांशी, मांडीवर पॅड, हातात माइक. मी ऐकत होते, बोलत होते आणि अधूनमधून डोळ्याच्या कोपऱ्यातून बाबांकडे बघत होते. ते छान चालवत होते. वळणाच्या आधी गिअर, वळणात हलका हात, चढावर गाडीला दम लागू न देणं. डावा हात गिअरवर न चाचपडता जात होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांना कुठे जायचं ते माहीत आहे असं वाटत होतं. आईला काय सांगायचं ते डिचोली येईपर्यंत माझं जवळजवळ ठरलं होतं.

दोडामार्गच्या बाजारात त्यांचा ट्रकच्या दिवसांतला एक दोस्त चहाच्या गाड्यापाशी उभा होता. त्याने हात केला. आमच्याकडे ओळखीच्याने हात केला की थांबायचं असतं. बाबा थांबले नाहीत, नुसता वेग कमी केला. तो माणूस हातात ग्लास घेऊन गाडीबरोबर चालू लागला.

"अरे, थांब तरी. ब्रेक गेले काय तुझे?"

"थांबाक येणा नाय रे. स्पर्धा आसा."

"कसली?"

"बोलूची."

त्याने वाकून माझ्याकडे पाहिलं. मी नेमकी कानाला हेडफोन दाबून ओठ मिटून ऐकत होते. "आनी चेडू तर गप बसलां," तो म्हणाला आणि मागे राहिला. बाबा पुढची दोन वळणं हसत होते. इब्रामपूरला एका दुकानदाराने अँटेना आणि माइक बघून कोणाचा प्रचार असं विचारलं, तेव्हाही ते हसले.

त्याच्या पुढे कुठेतरी एक फार लांबचं स्टेशन लागलं. विजेच्या तारांची खरखर इतकी की त्या माणसाचा कॉलसाइन मी तीनदा विचारून घेतला, त्यानेही माझा दोनदा विचारला. शेवटी मी म्हटलं, "यू आर फाइव्ह नाइन." त्यानेही मला फाइव्ह नाइन दिले आणि गेला.

बाबांनी विचारलं त्याचा अर्थ काय. मी सांगितलं, आवाज एकदम स्वच्छ आणि जोरात येतोय.

"आयकाक येय नाय होता आनी स्वच्छ?"

मी समजावलं की स्पर्धेत सगळे सगळ्यांना तेच देतात. खरा आकडा ठरवत बसलं तर वेळ जातो. लिहून घ्यायलाही तेच सोपं. कुणी फसवलं असं कुणाला वाटत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं.

बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "माका पण सगळे तांच सांगतत. घराक येता तो म्हणता, आता एकदम बरे दिसतास. दारात आसतानाच म्हणता. अजून माझ्याकडे नीट बघूक पण नसता." पुढे एक उतार होता, त्यांनी गिअर खाली घेतला. "आवशीन तुका कशाक धाडल्यान, माका ठावक आसा. तिका फाय नाइन सांगा नको. काय दिसता तां सांग."

मी मान हलवली. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. नापास होणार नाही याची खात्री असलेला मुलगा पेपर कडक तपासा म्हणतो, तसं ते बोलत होते. आणि माझ्या मनात त्याच वेळी एक गोष्ट हलू लागली होती. डिचोली सोडल्यावर माझ्या बाजूचा आरसा एका कुंपणाला घासला होता. रस्ता अरुंद आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

चांदेलच्या पुढे डावं चाक डांबरावरून खाली उतरलं. खडी दाराखाली तडतडली. मी संपर्काच्या मध्यावर होते. मला वाटलं बाबा लगेच वर घेतील. त्यांनी घेतली नाही. गाडी तशीच एका बाजूला कलून चालत राहिली, आणि बाबा समोर आणि उजवीकडे अगदी शांतपणे बघत होते. मग रस्ताच वळला आणि गाडी आपोआप डांबरावर आली. मी आकडे लिहिले, पण कोणाचे लिहिले ते आता आठवत नाही. घासणं, कलणं, दोन्ही माझ्याच बाजूला झालं होतं. मी तिथे बसले होते म्हणून मला ते दिसत होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं की नव्हतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण नुसत्या संशयावरून माणसाच्या हातातलं चाक काढून घ्यायला माझी जीभ रेटली नाही, आणि तेवढ्यात हळर्ण आलं.

कडेने एक बाई डोक्यावर काजूच्या बोंडांची बादली घेऊन चालली होती. रस्ता सरळ होता, समोरून कुणी येत नव्हतं, उजवीकडे भरपूर जागा होती. बाबांनी गाडी तसूभरही हलवली नाही. मी बेळगावकडच्या एका स्टेशनशी बोलत होते, माइकचं बटण दाबलेलं होतं, आणि मी ओरडले, "बाबा, डावीकडे!"

ब्रेक लागले. बाईने गटारात उडी घेतली होती. तिला लागलं नाही, पण बादली पडली आणि बोंडं रस्ताभर घरंगळली. ती उठून उभी राहिली, लुगडं झटकलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "ओ ड्रायव्हर, रस्तो सगळो तुमचोच काय?"

बाबा उतरले. वाकून बोंडं गोळा करू लागले. हेडफोनमध्ये क्षणभर नुसती खरखर होती. मग बेळगावकडच्या त्या माणसाने साचा सोडला. इंग्रजीही सोडलं. "काय झालं ताई? सगळे ठीक आहात ना?" मी म्हटलं, हो, कुणाला लागलं नाही. तो म्हणाला, "आधी गाडी बाजूला घ्या. माझं काही घाईचं नाही." रेडिओवर इतक्या वर्षांत मला कुणी ताई म्हटलं नव्हतं. मी त्याचे आभार मानले, तो संपर्क खोडला, सेट बंद केला आणि उतरले.

बाई गेली होती. जाताना तिने बाबांच्या हातावर दोन बोंडं ठेवली होती. रागाने की दयेने ते समजलं नाही. मी बाबांना सांगितलं की हे आज तिसऱ्यांदा झालं.

"तिसऱ्यांदा काय?"

मी कुंपणाचं सांगितलं, खडीचं सांगितलं.

"खंय? काय एक झाला नाय." ते खोटं बोलत नव्हते. मला घाबरवलं ते त्यानेच. लपवणाऱ्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. ते म्हणाले की मी माइकमध्ये गुंतले होते, मला काय दिसणार. की बाई मधूनच चालत होती. की डॉक्टरांनी बोटं दाखवली ती सगळी त्यांनी बरोबर मोजली होती. मी त्यांना हाताला धरून गाडीच्या डाव्या बाजूला नेलं. आरशाच्या सांध्यात एक हिरवी डहाळी पानांसकट अडकली होती. बाबांनी ती ओढून काढली, उलटसुलट करून बघितली.

"रस्तेच अरुंद करून ठेवलेत," ते शेवटी म्हणाले.

"मी आईला सांगणार आहे," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलंत, जे दिसतं ते सांग."

त्यांनी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि जाऊन डाव्या सीटवर बसले.

गाडीचा परवाना माझ्याकडे होता, पण हात बसलेला नव्हता. पार्सेपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेली. स्पर्धेचा तास-दीड तास शिल्लक होता आणि पेडणे तालुक्यातला बराच रस्ता अजून समोर होता. सेट बंदच राहिला. बाबा खिडकीतून बाहेर बघत नव्हते. माझ्या पायांकडे, क्लचकडे बघत होते, आणि एरवी शंभर सूचना देणारा माणूस एकदाही बोलला नाही.

मामीने ओट्यावर पाणी दिलं. आईने आम्हाला उतरताना बघितलं होतं. कोण कुठल्या दाराने उतरलं ते बघितलं होतं. आत गेल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "काय?"

मी म्हटलं, "त्यांना डावीकडचं कळत नाही. आणि आपल्याला कळत नाही हेही कळत नाही."

ती कढीत पळी फिरवत होती, ती फिरवत राहिली. "दिसणा नाय?"

"दिसत असावं. पण तिकडे लक्षच जात नाही."

पानं वाढली. बाबा, मामा, मी एका ओळीत. भात, माशांचं हुमण, तळलेली मोरी मासळी, आणि डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, मामीच्या हातचं मिस्कूट. हे कैरीचं तिखट लोणचं बाबांच्या इतकं आवडीचं की पूर्वी ते पार्सेहून त्याची बरणी मांडीवर घेऊन यायचे. दुखण्यानंतर मात्र त्यांनी लोणचं सोडलं होतं. मिठाला, लिंबाला हात लावत नव्हते. ताटात थोडा भातही रोज राहायचा. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं होतं, आणि आई सगळ्या आळीला कौतुकाने सांगायची की एवढ्या वर्षांची सवय, पण किती कडक पथ्य पाळतात बघा. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

त्या दुपारी मी ताटाकडे बघितलं आणि माझा घास हातातच राहिला. बाबा उजवीकडचा भात कालवत होते. मोरीचा उजवीकडचा तुकडा संपला होता. ताटाच्या मधोमध, कुणी रेघ मारावी तशी, एक हद्द होती, आणि तिच्या पलीकडे भात, लिंबू, मिस्कूट, सगळं जसं वाढलं होतं तसं.

मी आईकडे पाहिलं. तिने आधीच पाहिलं होतं. पथ्याचं ती किती जणांना सांगून आली होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती वाढायचं थांबवून बाबांसमोर आली, खाली बसली, आणि दोन्ही हातांनी त्यांचं ताट अर्धं फिरवलं.

बाबा थबकले. "ह्यां लोणचां आता वाडलंस?"

"मगाशीच वाडलेला," आई म्हणाली. "सगळ्यांबरोबर."

मामा जेवायचा थांबला. मामीला काय चाललंय ते समजलं नव्हतं, तरी तीही उभी राहिली. बाबांनी ताटातल्या भाताकडे बघितलं, मग आईकडे, मग परत भाताकडे. त्यांनी बोटाने मिस्कूट उचललं, चाटलं आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवलं.

"म्हणजे मी पथ्य करी नाय होतंय," ते म्हणाले.

"नाय," आई म्हणाली.

"आनी ती बोंडांची बायल..."

बाबांनी उरलेला भात संपवला. सगळा. हात धुवायला उठताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाताना तूच चलव. आनी उद्या डॉक्टराकडे जावया. दादाक सध्या काय कळवा नको."

डॉक्टरांनी नंतर नीट तपासून सांगितलं की डोळे उत्तम आहेत. झटक्यानंतर मेंदू कधीकधी डावी बाजू सोडूनच देतो, तिकडे जग आहे हेच विसरतो. एकेक बोट दाखवलं तर कळतं, पण सगळं एकदम समोर आलं की डावं गळून जातं. सुधारेल बहुतेक, किती ते सांगता येत नाही. तोवर गाडी नाही. सवयीसाठी त्यांनी एक साधा अभ्यास दिला: बाहेर पडलं की डावीकडे जे जे असेल ते मोठ्याने म्हणायचं.

गाडी विकली नाही. दादा चिडला आणि मग गप्प झाला. आता सुट्टीच्या सकाळी मी चालवते आणि बाबा शेजारी बसतात. ट्रकवर ही सीट क्लीनरची. ड्रायव्हरचा क्लीनर झालो, असं ते ओळखीच्यांना स्वतःच सांगून टाकतात, म्हणजे दुसऱ्या कुणी म्हणायला नको. आम्ही सावकाश जातो. ते मान मुद्दाम वळवून सांगत राहतात: माड. खांबो. कुत्रो. पंपाचां घर. शाळेचां फाटक. माझं गिअर बदलणं त्यांना अजून पसंत नाही आणि तेही ते मधेच सांगतात. काही दिवस सगळं येतं, काही दिवस बरंच सुटतं. सुटलं की मी सांगते.

गेल्या रविवारी साखळीच्या वाटेवर कडेने एक सायकलवाला चालला होता. बाबा काही बोलले नाहीत. मी वेग कमी केला, गाडी उजवीकडे घेतली, त्याला मागे टाकलं.

"काय होता?" त्यांनी विचारलं.

"सायकलवाला."

त्यांनी मागे वळून त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग पुढे वळून म्हणाले, "बरां. आता वेगान चल, मागसून बस येता."